वायफाय एक, मोबाईल पंधरा: राउटरमध्येच प्रत्येकाचा स्पीड कसा बांधायचा?

घरात फायबर आलं, भिंतीवर डबा बसला, पासवर्ड भावकीत फिरला. इथपर्यंत सगळं आनंदाचं असतं. खरी गंमत संध्याकाळी सात-साडेसातनंतर सुरू होते. टीव्हीवर मालिका लागते, धाकटा गेम डाउनलोडला टाकतो, शेजारचा ओट्यावर बसून रील्स बघतो, आणि नेमकं त्याच वेळी थोरल्या मुलीला सीईटीच्या फॉर्मसाठी फोटो आणि सही अपलोड करायची असते. गोल चक्र फिरत राहतं. ओटीपीची वेळ संपते. पुन्हा ओटीपी, पुन्हा चक्र. मग केबलवाल्याला फोन जातो. तो सकाळी येतो, लॅपटॉपला वायर लावून स्पीड मोजतो, ४० पैकी ४० दाखवतो आणि "नेट तर चालू आहे की दादा" म्हणून गाडीला किक मारतो.

यात दोघंही खोटं बोलत नाहीत. लाईन पूर्ण येते. पण घरात आल्यावर तिची वाटणी कोणीच केलेली नसते. ज्याचा मोबाईल जास्त ओढेल त्याला जास्त, असा कारभार चालतो. पाटाला पाणी सुटलं आणि पाळी लावायला पाटकरी नसेल तर वरच्या शेताचं रान चिखल होतं आणि टोकाचं शेत कोरडं राहतं, तसंच हे. घरातल्या नेटचा पाटकरी म्हणजे राउटर. त्याला फक्त कोणीतरी सांगावं लागतं. बहुतेक घरांत ते कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी आकड्यांचा घोळ

एमबीपीएस आणि एमबी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्लॅनवर लिहिलेले ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. मोबाईलमधली फाईल मात्र मेगाबाईटमध्ये मोजतात आणि एका बाईटमध्ये ८ बिट असतात. म्हणून ४० एमबीपीएसच्या लाईनवर फाईल सेकंदाला ५ एमबी या वेगाने उतरते. "चाळीसचा प्लॅन घेतला आणि डाउनलोडला पाचच दाखवतंय, फसवलं" ही तक्रार त्यामुळेच निघते. फसवलेलं नसतं.

आता कोणाला किती लागतं ते बघा. यूट्यूबच्याच माहितीप्रमाणे ४८०पी व्हिडिओला साधारण १.१ एमबीपीएस, ७२०पीला २.५, १०८०पीला ५ आणि ४केला २० एमबीपीएस पुरतात. झूमवर दोघांचा चांगल्या दर्जाचा ७२०पी कॉल असेल तर जायला १.२ आणि यायला १.२. आणि फॉर्मचं काय? फोटोची फाईल १०० केबीची धरली तर ती ०.८ मेगाबिट झाली. फक्त १ एमबीपीएस अपलोड मोकळं असलं तरी एका सेकंदाच्या आत जायला हवी.

म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात कमी स्पीड मागतं. फॉर्म भरणं, ई-केवायसी, ओटीपी, यूपीआय, हजेरी भरणं ही सगळी कामं चिमूटभर डेटाची आहेत. ती अडतात कारण पुढे मोठ्या फायलींची रांग लागलेली असते. लाईन कमी पडते म्हणून नव्हे. त्यामुळे ४० चा प्लॅन १०० चा केला तरी दुखणं बऱ्याचदा तसंच राहतं. १०० ची लाईनसुद्धा एक गेम डाउनलोड एकटा भरून टाकू शकतो.

रांग लागते कुठे?

नेटवरचा सगळा डेटा छोट्या पाकिटांमध्ये येतो-जातो. एक पाकीट साधारण १५०० बाईटचं. येणारी पाकिटं जाणाऱ्या वाटेपेक्षा जास्त झाली की राउटर त्यांना रांगेत उभं करतो. रांग भरली की उरलेली पाकिटं टाकून देतो. ऐकायला वाईट वाटतं, पण सगळं इंटरनेट याच टाकून देण्यावर सुरळीत चालतं. पाठवणाऱ्या सर्व्हरला पोच मिळाली नाही की तो समजतो, पुढे गर्दी आहे, आणि स्वतःहून हात आखडतो.

हे शहाणपण सुरुवातीला नव्हतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातली लाईन अशी तुंबली की ३२ हजार बिटचा वेग ४० बिटवर आला. अंतर किती? ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे मीटर. आपल्याकडे मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत असतं तेवढं. कारण एवढंच की प्रत्येक कॉम्प्युटर पाकीट पोचलं नाही म्हणून तेच पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत भर घालत होता. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्यावर उपाय मांडला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने आधी थोडं पाठवायचं, पोच येत गेली तर वाढवायचं, पाकीट हरवलं की लगेच कमी करायचं. आजही तुमच्या मोबाईलमधलं डाउनलोड त्याच पायावर चालतं.

राउटरमधलं स्पीड बांधणं याचाच फायदा घेतं. एखाद्या मोबाईलला ५ एमबीपीएसची मर्यादा घातली की राउटर त्याच्या नावाने एक हिशेब उघडतो. त्यात दर सेकंदाला ५ मेगाबिटचे टोकन जमा होतात. पाकीट आलं की टोकन खर्च होतं. टोकन संपले की पाकीट थांबतं किंवा टाकून दिलं जातं. रेशनच्या धान्यासारखं आहे, कोटा संपला की पुढच्या वाटपापर्यंत थांबा. समोरच्या सर्व्हरला ते जाणवतं आणि तो त्या मोबाईलसाठी स्वतःच ५ च्या आसपास पाठवू लागतो. बाहेरून येणारं पाणी आपण घरातून कसं कमी करणार, या शंकेचं उत्तर हेच.

खरा चोर अपलोड

डाउनलोडकडे सगळ्यांचं लक्ष असतं, अपलोडकडे कोणाचंच नसतं. अनेक स्वस्त कनेक्शनमध्ये अपलोड कमी असतं, काहींत दोन्ही सारखे असतात. तुमचं किती आहे ते आधी मोजून घ्या. समजा अपलोड ५ एमबीपीएस आहे. लग्नाहून आलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये ६०० एमबीचे व्हिडिओ आहेत. मोबाईल घरच्या वायफायला जोडला गेला की फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू होतो. ६०० एमबी म्हणजे ४८०० मेगाबिट, भागिले ५, म्हणजे ९६० सेकंद. सोळा मिनिटं ती वाट पूर्ण भरलेली. आणि घरात असे मोबाईल पाच असतात.

यात आणखी एक मेख आहे. तुम्ही काही डाउनलोड करता तेव्हा "मिळालं, मिळालं" अशी पोच तुमच्याकडून सतत बाहेर जात असते. ती जाते अपलोडच्याच वाटेने. अपलोड तुंबलं की पोच अडकते, पोच अडकली की समोरचा हात आखडतो, आणि डाउनलोडही रेंगाळतं. घरात कोणी काही बघत नाही तरी नेट स्लो, याचं कारण बऱ्याच वेळा खिशातला मोबाईल गुपचूप बॅकअप घेतोय हे असतं. क्लाउडवर रेकॉर्डिंग टाकणारा सीसीटीव्ही कॅमेराही याच पंगतीतला.

त्यात डब्यातली रांग फार लांब असेल तर आणखी वाईट. ५ एमबीपीएसच्या अपलोडपुढे १ एमबीची पाकिटं रांगेत उभी असतील तर शेवटच्या पाकिटाला १.६ सेकंद थांबावं लागतं. व्हिडिओ कॉलवर "हॅलो, ऐकू येतंय का" चालू होतं ते इथे. या रोगाला तंत्रज्ञ बफरब्लोट म्हणतात, रांगेला आलेली सूजच म्हणा.

तपासायचं कसं? ऊकलाच्या स्पीडटेस्ट अ‍ॅपमध्ये पिंगचे तीन आकडे दिसतात: मोकळं असताना, डाउनलोड चालू असताना, अपलोड चालू असताना. मोकळ्या लाईनवर १५-२० आणि अपलोडच्या वेळी ५००-१००० मिलीसेकंद दिसत असेल तर रोग सापडला. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅपही स्पीड मोजायला चालतं. मोजताना राउटरच्या खोलीत बसा आणि दिवसात दोन वेळा मोजा, एकदा सकाळी, एकदा रात्री आठला.

आता राउटरमध्ये शिरायचं

मोबाईल वायफायला जोडा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. आकडे इंग्रजी कीबोर्डने टाकायचे. खरा पत्ता आणि लॉगिनचा पासवर्ड डब्याच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर असतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरचा लॉगिन पासवर्ड वेगळा, हे लक्षात ठेवा. लॉगिन अजून कंपनीचंच असेल तर पहिलं काम ते बदलण्याचं. नाहीतर तुम्ही लावलेली मर्यादा शेजारचा हुशार पोरगा पाच मिनिटांत काढेल.

आत गेल्यावर बँडविड्थ कंट्रोल, क्यूओएस किंवा ट्रॅफिक कंट्रोल असं काही शोधा. कंपनी बदलली की नाव बदलतं. टीपी-लिंकच्या जुन्या साध्या मॉडेलमध्ये बँडविड्थ कंट्रोल नावाचं पानच आहे. तिथे आधी एकूण लाईन किती ते विचारतं: इग्रेस म्हणजे बाहेर जाणारं, अपलोड, आणि इन्ग्रेस म्हणजे आत येणारं, डाउनलोड. इथे प्लॅनवरचा आकडा जसाच्या तसा टाकायचा नाही. मोजून आलेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के टाका. ४० येत असेल तर ३५, अपलोड ५ येत असेल तर साडेचार. थोडं सोडून द्यायचं कारण असं की रांग लागायचीच असेल तर ती तुमच्या राउटरमध्ये लागावी, जिथे तुमचा नियम चालतो. पूर्ण आकडा टाकला तर रांग कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे तुमचा नियम कोण विचारतो?

सगळ्यात जास्त चूक या पानावर एककाची होते. जुन्या राउटरमध्ये आकडा केबीपीएसमध्ये मागतात. १० एमबीपीएस द्यायचे असतील तर १०००० टाकावं लागतं. १० टाकून सेव्ह केलं तर त्या मोबाईलवर साधं व्हॉट्सअ‍ॅपही रडत चालेल आणि मग "राउटर बिघडला" म्हणून तो बाजारात दाखवायला नेला जाईल.

त्यानंतर नियम. प्रत्येक मोबाईल किंवा मोबाईलच्या गटाला किमान आणि कमाल असे दोन आकडे देता येतात. किमान म्हणजे गर्दीतही एवढं राखून ठेवा. कमाल म्हणजे यापुढे जाऊ देऊ नका. लोक कमाल भरतात आणि किमान शून्य ठेवतात. खरं तर उपयोगाचा आकडा किमान आहे. फॉर्म भरणाऱ्या लॅपटॉपला डाउनलोड ५ आणि अपलोड १ एमबीपीएस किमान दिलं तर बाकीच्यांनी काहीही लावलं तरी तिचं काम अडत नाही. तो लॅपटॉप बंद असेल तर तेच ५ बाकीच्यांना मिळतात, वाया जात नाहीत. कमालची मर्यादा टीव्ही, गेम आणि पाहुण्यांच्या मोबाईलला लावा. टीव्हीला ६ दिलं तरी १०८०पी चालतं. कुठे थोडं धूसर झालं तर झालं, मालिकेत सासू तीच दिसते.

नव्या राउटरमध्ये हे सगळं अ‍ॅपमधून होतं. यंत्रांची यादी येते, ज्याला आधी द्यायचं त्याच्यापुढे प्राधान्य चालू करायचं, हवं तर दोन-चार तासांपुरतं. परीक्षा किंवा मुलाखत असेल त्या दिवशी एवढं पुरतं.

मोबाईल वेश बदलतो

नियम लावला, चार दिवस चालला आणि पुन्हा जैसे थे. असं होण्याची दोन कारणं. एक, राउटर प्रत्येक मोबाईलला आतला आयपी पत्ता देतो आणि तो अधूनमधून बदलतो. नियम जुन्या पत्त्यावर आणि मोबाईल नव्या पत्त्यावर. यासाठी डीएचसीपीच्या पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असतं. तिथे मोबाईलच्या मॅक पत्त्याशी आयपी कायमचा बांधायचा.

दुसरं कारण मॅक पत्त्याचंच. अँड्रॉइड १० पासून मोबाईल खासगीपणासाठी खरा मॅक न सांगता बनावट सांगतो. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून तसंच आहे. साधारणपणे एका वायफायसाठी तो बनावट पत्ता एकच राहतो, पण नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं किंवा मोबाईल रीसेट केला तर बदलू शकतो. घरच्या मोबाईलमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हसी या ठिकाणी डिव्हाइस मॅक किंवा फोन मॅक निवडा. बाहेरगावी, स्टँडवरच्या वायफायला मात्र बनावटच असू द्या, ते तुमच्याच भल्याचं आहे.

शेजाऱ्यांचं काय करायचं? एकेका मोबाईलमागे नियम लावत बसण्यात अर्थ नाही. गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, आणि बऱ्याच राउटरमध्ये असते ती सोय वापरून अख्ख्या गेस्टला मिळून ८ किंवा १० एमबीपीएस बांधून टाका. नाही म्हणून भावकीत वाईटपणा घ्यायचा नाही आणि घरचं कामही अडवायचं नाही, असा हा मधला रस्ता आहे. शिवाय गेस्टवरच्या मोबाईलला तुमचा प्रिंटर, कॅमेरा दिसत नाही. बाकी कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काय केलं याची चौकशी आधी तुमच्याच दारात येते, हे पासवर्ड देताना डोक्यात असू द्या. पैसे घेऊन नेट वाटायचं असेल तर घरगुती कनेक्शनवर तसं करता येत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना डिसेंबर २०२० पासून आहे. तीत दुकानदाराला परवाना फी न भरता वायफाय देता येतं.

कंपनीचा डबा कुलूपबंद असेल तर

फायबरसोबत येणाऱ्या डब्यात, ज्याला ओएनटी म्हणतात, ही पानं बऱ्याचदा नसतात किंवा कंपनीने लपवलेली असतात. मग बँडविड्थ कंट्रोल असलेला आपला राउटर घ्यायचा आणि डब्याच्या लॅन पोर्टपासून त्याच्या वॅन पोर्टला वायर द्यायची. दोघांचे आतले पत्ते एकसारखे नसावेत, डबा १९२.१६८.१ वर असेल तर राउटर १९२.१६८.० वर ठेवा. आणि डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा. हे विसरलं की पोरं सरळ जुन्या वायफायला जोडतात आणि नवा राउटर नुसता दिवे लुकलुकवत बसतो.

खरेदी करताना एक गोष्ट बघा. स्वस्त राउटरमधला प्रोसेसर साधा असतो. स्पीडचा हिशेब ठेवायला लावला की पाकिटं झटपट पुढे ढकलायची त्याची खास सोय बंद पडू शकते. ४० च्या लाईनवर फरक कळत नाही, २००-३०० च्या लाईनवर स्पीडच खाली येऊ शकतो. ज्यांना थोडी खटपट जमते त्यांच्यासाठी ओपन-डब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम सुरू करून केक हा प्रकार निवडला की एकेकाचे आकडे भरावेच लागत नाहीत. एकूण अपलोड-डाउनलोड सांगायचं, वाटणी तो स्वतः सारखी करतो, आणि ओटीपीसारखी चिमुकली पाकिटं मोठ्या फायलींच्या मागे अडकू देत नाही. घरासाठी यापेक्षा चांगला उपाय नाही. पण चुकीचं सॉफ्टवेअर टाकलं तर राउटरची वीट होते, तेव्हा मॉडेल नंबर दोनदा तपासूनच.

अभ्यासिकेत हिशेब वेगळा

बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने अभ्यासिका काढली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची पंचवीस-तीस मुलं आणि एक लाईन. भारतनेटमधून, म्हणजे २०११ ला मंजूर झालेल्या आणि तेव्हा एनओएफएन म्हणवल्या जाणाऱ्या योजनेतून, पंचायतीपर्यंत फायबर आलं असेल तर तेही वापरतात. इथे प्रत्येकाला घट्ट मर्यादा घालायचा मोह होतो. ५० एमबीपीएस भागिले २५, प्रत्येकी २. मग सकाळी सहाला आलेल्या दोघांनाही दोन-दोनच मिळतात आणि ४६ वाया जातात. हे बरोबर नाही.

अशा ठिकाणी केबलवाले बहुधा लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीचा राउटर बसवतात. त्यात पीसीक्यू म्हणून रांगेचा प्रकार आहे. हजर असतील तेवढ्यांत तो लाईन सारखी वाटतो. दोघं असतील तर पंचवीस-पंचवीस, पंचवीस असतील तर दोन-दोन. वर ८-१० ची कमाल घातली की एकटा मुलगाही अख्खी लाईन पिऊ शकत नाही. केबलवाल्याकडून दोन गोष्टी करून घ्या. मर्यादा लिहिताना मायक्रोटिकमध्ये आधी अपलोड, मग डाउनलोड असा क्रम असतो. २एम/५एम म्हणजे अपलोड २, डाउनलोड ५. तो उलटला की मुलांचे लेक्चर अडकतात. आणि फास्टट्रॅक नावाचा नियम चालू असेल तर तो पाकिटांना साध्या रांगांना वळसा घालून नेतो. मर्यादा कागदावर दिसते, प्रत्यक्षात लागत नाही. "सेट केलंय पण काम करत नाही" याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

यानेही न सुटणारं

बाहेरून लाईनच कमी येत असेल तर वाटणीने ती वाढत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर राउटर काय करणार? शेवटच्या तारखेला सरकारी वेबसाइटच बसली असेल तर तिथेही घरचा पाटकरी हतबल. वीज गेली की डबा बंद, त्यासाठी छोटा यूपीएस लागतो. जाड मातीच्या किंवा दगडी भिंतीपलीकडे वायफाय पोचत नसेल तर तो रेंजचा प्रश्न आहे. मात्र त्याचाही वाटणीशी थोडा संबंध आहे. मागच्या पडवीतला, एका कांडीवर लटकलेला मोबाईल फार हळू बोलतो आणि बोलताना हवेतली वेळ सगळ्यांची खातो. अशा मोबाईलला मर्यादा घातली तर राउटरजवळच्यांना लगेच मोकळं वाटतं. जवळच्या लॅपटॉपला आणि टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवर टाका, लांबच्यांना २.४ वर राहू द्या. टीव्हीला वायर देता आली तर सगळ्यात उत्तम.

महिन्याच्या डेटा मर्यादेलाही याचा हातभार लागतो. ३३०० जीबीची मर्यादा असलेले फायबर प्लॅन बरेच आहेत. ४० एमबीपीएसची लाईन पूर्ण वेगाने चालली तर तासाला १८ जीबी जातात, म्हणजे १८३ तासांत कोटा संपतो. एका घराला एवढं लागत नाही, पण चार घरं आणि दोन टीव्ही एका पासवर्डवर असले तर महिनाअखेर स्पीड अचानक पडलेला दिसतो.

नियम लावून झाले की लगेच तपासा. एका मोबाईलवर मोठं डाउनलोड आणि दुसऱ्यावर व्हिडिओ अपलोड सुरू करा, तिसऱ्यावर स्पीडटेस्टमधला पिंग बघा. आधी ५०० च्या वर जाणारा आकडा ५० च्या आसपास राहिला तर काम झालं. तरीही वर जात असेल तर एकूण अपलोडचा आकडा थोडा थोडा खाली आणत पुन्हा मोजा. जमल्यावर सेटिंगचा बॅकअप घ्या, नाहीतर पानाचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी केबलवाला येऊन राउटरचं रीसेटचं बटण दाबेल तेव्हा हेच सगळं पुन्हा भरावं लागणार आहे.